सहा बावन्नचा मेल

पावणेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण तो वाजण्याआधी दोन मिनिटं ती उठून बंद करायची, कारण पलीकडच्या खोलीत बाबा झोपलेले असत. बाबा झोपलेले नसत. गुडघे त्यांना चारलाच उठवत. पण लेक आपल्यासाठी गजर बंद करते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते साडेपाचपर्यंत डोळे मिटून पडून राहत. दोघांची ही मेहनत रोजची होती आणि दोघांनीही ती कधी बोलून दाखवली नाही.

तोंड धुऊन ती बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसायची. टेबल चार फूट बाय दोन फूट, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. टेबलावर दोन स्क्रीन, एक कीबोर्ड आणि चहाचा कप ठेवायला उरलेली वीतभर जागा. बरोबर सव्वापाचला, तिथून दहा किलोमीटरवर, एका लॉन्ड्रीत लेबलं छापायला सुरुवात व्हायची. ती नीट छापली जातात की नाही हे पाहणं तिचं काम.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. पत्र्याची लांबलचक शेड, अकरा मशीनं, एकोणीस गाड्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, व्यायामशाळांचे टॉवेल. दिवसाला नऊ टन कापड आत यायचं आणि नऊ टन बाहेर जायचं. धुतलेली पांढरी चादर कोणाची हे चादरीकडे पाहून कळत नाही. गठ्ठ्यावरचं लेबल सांगेल तेच खरं. लेबल काय सांगणार हे ती ठरवायची. म्हणजे तिने लिहिलेला प्रोग्रॅम ठरवायचा, पण प्रोग्रॅम चुकला तर फोन तिलाच यायचा.

वय चव्वेचाळीस. पंधरा वर्षं तिने एका कंपनीत नोकरी केली. मग कंपनीने खर्च कमी करायचं ठरवलं आणि कमी झालेल्या खर्चात ती निघाली. तेव्हापासून सहा वर्षं ती स्वतःच्या हिमतीवर कामं घेत होती. डोक्यावर साहेब नाही, तशी पदरी रजाही नाही. आजारी पडलं तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. गिऱ्हाइकं तीन, त्यांतलं मोठं लॉन्ड्रीचं. नातेवाईक विचारायचे, "हल्ली काय, घरीच असतेस ना?" ती म्हणायची, "हो, घरीच असते." दहा तास खुर्चीत बसून एक अक्षर इकडचं तिकडे होऊ न देणं याला कष्ट म्हणतात, हे ज्याने केलेलं नाही त्याला पटवणं हे वेगळे कष्ट. ते ती घेत नसे.

बाबांनी एकेचाळीस वर्षं फरशा बसवल्या. उभ्या आयुष्यात ते उभे कमी आणि गुडघ्यांवर जास्त राहिले. गोणपाटाची घडी गुडघ्यांखाली, डाव्या हाताने फरशी टेकवायची, उजव्याने लाकडी हातोडीने ठोकायची, आणि मागे सरकायचं. दिवसाला दीडशे फरशा. आता घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. सात महिन्यांत बाबा दोनदा खाली उतरले होते. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील. आधी एक, तीन महिन्यांनी दुसरा.

"किती टिकतील?" बाबांनी विचारलं होतं.

"वीस वर्षं तरी."

"मी तेवढा टिकायचा नाही. जरा हलक्यातले नाहीत का?"

हलक्यातले नव्हते. लॉन्ड्रीच्या कामाचे पैसे ती दोन वर्षं वेगळ्या खात्यात टाकत होती आणि घर बाकीच्या दोन गिऱ्हाइकांवर चालवत होती. गेल्याच महिन्यात दोन्ही गुडघ्यांचे पैसे पुरे झाले. आता फक्त तारीख घ्यायची होती.

तारीख घ्यायची त्याच आठवड्यात ती चुकली.

लॉन्ड्रीने शेजारच्या गावातली एक छोटी लॉन्ड्री विकत घेतली होती. तिची गिऱ्हाइकं आपल्या यादीत मिळवायची होती. तिने सोमवारी दिवसभर बसून दोन्ही याद्या एक केल्या. छोट्या लॉन्ड्रीच्या यादीत मध्ये एक ओळ अर्धवट होती. कोणा बंद पडलेल्या गिऱ्हाइकाचं नाव कोणीतरी पुसलं होतं आणि पत्ता तसाच ठेवला होता. याद्या जोडताना नावं त्या रिकाम्या जागेत एक घर वर सरकली. पत्ते जागच्या जागी राहिले. सत्त्याऐंशीव्या ओळीपासून खाली प्रत्येक नावासमोर शेजाऱ्याचा पत्ता आला.

तिने तपासलं नाही असं नाही. गिऱ्हाइकं किती, गठ्ठे किती, वजन किती, सगळ्यांच्या बेरजा ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. दोन माणसांनी एकमेकांच्या चपला घातल्या तरी चपलांची संख्या तेवढीच राहते. तिने बेरजा पाहिल्या, जोड्या पाहिल्या नाहीत.

मंगळवारी सव्वापाचला लेबलं छापली गेली. साडेसहाला गाड्या निघायला लागल्या. पावणेसातला ती चहा घेऊन परत स्क्रीनसमोर बसली आणि सहज म्हणून यादीवरून नजर फिरवली. बारा खाटांच्या डोळ्यांच्या दवाखान्याला तीनशे दहा टॉवेल निघाले होते. तिने कप खाली ठेवला.

आधी फोन केला. गाड्या सोडणारा सुपरवायझर मशीनच्या आवाजात फोन ऐकत नसे, हे तिला माहीत होतं, तरी तीनदा केला. मग मेल लिहिला. मालकिणीला, मॅनेजरला, गेटवरच्या संगणकाला, सगळ्यांना एकदम. तीन वाक्यं. 'चूक माझी आहे. सत्त्याऐंशीव्या ओळीपासून पुढची सगळी लेबलं चुकीच्या पत्त्यावर गेली आहेत, गाड्या थांबवा. जे नुकसान होईल ते मी भरून देईन.' वेळ सहा बावन्न.

यातलं एकही वाक्य तिला शोधावं लागलं नाही. लहानपणी सुट्टीत ती बाबांबरोबर कामावर जायची. काम संपलं की बाबा हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकत सगळी खोली फिरायचे. एखादी पोकळ वाजली की घरमालकाला हाक मारायचे. मालकाला ते कधी कळलंही नसतं. "ही माझी चुकली. उद्या काढून परत बसवतो. सिमेंट माझं, रोज माझा." मालक म्हणायचा, राहू द्या हो, दिसत नाही. बाबा म्हणायचे, "दिसत नाही, वाजते." दुसऱ्या दिवशी ती फरशी निघायची.

मेल गेल्यावर तिने बाबांना सांगितलं. ते खुर्चीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होते.

"कळवलंस?"

"कळवलं."

"भरून देते म्हणालीस?"

"म्हणाले."

"मग झालं," ते म्हणाले आणि तेल चोळू लागले.

झालं नव्हतं. मेल गेटवर वाचला गेला तेव्हा अकरा गाड्या गेल्या होत्या. आठ थांबल्या. त्या अकरा गाड्यांनी जे वाटलं ते दिवसभर कळत राहिलं. मोठ्या हॉटेलच्या खोल्यांत आंघोळीनंतर घालायच्या झग्यांऐवजी पाठीमागे नाड्या असलेले दवाखान्याचे गाऊन टांगले गेले. एक पाहुणा तो घालून नाश्त्याला आला आणि फार आरामशीर आहे म्हणाला. बाकीच्यांना तसं वाटलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्याला तीनशे दहा टॉवेल मिळाले आणि चादर एकही नाही, म्हणून त्यांनी दोन दिवसांची ऑपरेशनं पुढे ढकलली. व्यायामशाळेला टेबलक्लॉथ गेले. तिथल्या लोकांनी घाम त्यांनाच पुसला. कोणाला इजा झाली नाही. पण जे कापड एकदा भलत्या दारात गेलं ते, एकूण चार टन, परत आणून परत धुवावं लागलं, आणि मोठ्या हॉटेलने दंड लावला.

संध्याकाळी तिने आतेभावाला फोन केला. तो विमा विकायचा. नात्यात त्याचं नाव हप्ता पडलं होतं, कारण कोणाच्याही घरी चहाला आला तरी एक पॉलिसी गळ्यात घातल्याशिवाय कप खाली ठेवत नसे. तीन वर्षांपूर्वी लॉन्ड्रीच्या करारात अट आली की बाहेरून काम करणाऱ्याने स्वतःच्या चुकांचा विमा उतरवलेला पाहिजे. तेव्हा हप्त्यानेच समजावलं होतं.

"ताई, गाडी ठोकली तर गाडीचा विमा असतो ना? तसा हा. तुझ्या कामाने गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाई कंपनी देणार."

"माझ्या कामात चूक होत नाही."

"म्हणून तर तुला स्वस्तात देतायत. आता असं बघ, भरपाईतला पहिला वाटा तुझा, त्याच्या वरचा कंपनीचा. तुझा वाटा मोठा धरलास तर हप्ता लहान बसेल."

चूक होणार नाही याची खात्री असल्याने तिने वाटा मोठा धरला. तो एका गुडघ्याहून थोडा जास्त होता, पण तेव्हा गुडघ्यांचा भाव कोणाला माहीत नव्हता. हप्त्याने पानं उलटली, बोटाने जागा दाखवल्या, तिने सह्या केल्या.

आता सगळं ऐकून तो म्हणाला, "काही काळजी करू नकोस, विमा याचसाठी असतो. फक्त कोणाला काही लिहून दिलं नाहीस ना?"

तिने मेल वाचून दाखवला. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येत राहिला.

"हप्त्या?"

"आहे मी. पॉलिसीचं अकरावं पान काढ."

अकराव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कंपनीला विचारल्याशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही आणि भरपाईचं वचन द्यायचं नाही. दिल्यास कंपनी हात वर करू शकते.

"तू तीन वाक्यांत दोन्ही केलंस," हप्ता म्हणाला. "लोकांना त्यासाठी वकील लावावा लागतो."

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. चोपन्न पायऱ्या चढून, पाणी पिऊन, पंख्याखाली बसून त्याने सूचना दिल्या. कंपनीला आज कळवायचं. लॉन्ड्रीशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. एक पैसा द्यायचा नाही. कंपनीचा माणूस येईल, त्याला विचारेल तेवढंच सांगायचं.

"म्हणजे चूक केली आणि आता तोंडाला कुलूप?" बाबांनी विचारलं.

"मामा, कुलूपच. किल्ली कंपनीकडे."

"तिने शब्द दिलाय. बँकेत पैसे आहेत. देऊन टाकू."

"ते तुमच्या गुडघ्यांचे आहेत."

"गुडघे माझे आहेत. त्यांचं काय करायचं ते मी ठरवीन."

"मामा, तुम्ही उद्या ते पैसे दिलेत तर कंपनी म्हणेल, छान, मिटलं. आणि ते नुकसानीच्या पासंगालाही पुरणार नाहीत."

ते खरं होतं. नवव्या दिवशी लॉन्ड्रीचं पत्र आलं. आकडा तिच्या एकतीस महिन्यांच्या सगळ्या कमाईइतका होता. कंपनीने हात वर केले असते तर दोन्ही गुडघे जाऊन घरावर कर्ज चढलं असतं. तिने पत्र दोनदा वाचलं आणि हप्त्याला पाठवलं. बाबांना आकडा सांगितला. बाबांनी त्या दिवशी जेवल्यावर हात धुवायला उठताना खुर्चीचा दांडा नेहमीपेक्षा घट्ट धरला आणि दुखतंय असं म्हटलं नाही.

विमा कंपनीचंही पत्र आलं. दाव्याचा विचार करत आहोत, मात्र याचा अर्थ आम्ही तो मान्य केला असा नाही. हप्ता म्हणाला, ही त्यांची नमस्काराची पद्धत आहे.

आता एक अडचण अशी होती की लॉन्ड्री चालू होती. नऊ टन कापड रोज येत होतं. लेबलांचा प्रोग्रॅम तिच्याशिवाय कोणाला कळत नव्हता, आणि तिला लॉन्ड्रीशिवाय परवडत नव्हतं. त्यामुळे जिने तिच्यावर दावा लावला होता तिच्यासाठी ती रोज पावणेपाचला उठत होती. सव्वापाचला लेबलं सुरू व्हायची. यादीत बदल झाला की आता ती जोड्या तपासायची, एकेक नाव, एकेक पत्ता. पन्नास मिनिटं लागायची. ती पन्नास मिनिटं तिने बिलात लावली नाहीत.

मालकीण साठीची होती. दोन मशीनांवर धंदा उभा केलेली, आवाज मशीनच्या वर जाईल असा. ती रोज फोन करायची.

"दाव्याबद्दल मला बोलायचं नाही, मॅडम," ती म्हणायची. "कंपनीने मना केलंय."

"मी कुठे दाव्याबद्दल बोलतेय? लेबलांबद्दल तर बोलशील?"

"लेबलांबद्दल बोलते."

"बरं. लेबलं चुकली तेव्हा तुला काय वाटलं?"

तिने उद्याची यादी उघडली.

"हे बघ, मी तुझ्यावर रागावून दावा केलेला नाही. हॉटेलवाल्याने माझ्यावर केला, म्हणून मी तुझ्यावर. मी आपली रांगेत उभी आहे. पण तू लिहिलंस भरून देईन आणि आता फोनवर दगड होऊन बसलीस. तुझ्या वडिलांना विचार हे बरोबर आहे का."

वडील तीन फुटांवर बसून ऐकत होते. विचारायची गरज नव्हती.

"उद्याच्या यादीत चौदा नवे गठ्ठे आहेत," ती म्हणाली. "वजनं पाठवा."

असे दहा आठवडे गेले. गुडघ्यांची तारीख घ्यायची राहिली. डॉक्टरांकडच्या बाईंचा दोनदा फोन आला, तिने दोनदा कळवते म्हणून सांगितलं. कष्टाचं तिला काही वाटत नसे. पण दिलेला शब्द खिशात ठेवून रोज त्याच माणसाशी चादरींच्या वजनावर बोलायचं, हे तिला दहा तासांच्या कामापेक्षा जड गेलं. दुपारी ती टेबलावरून उठायची ते भिंतीला हात लावून.

अकराव्या आठवड्यात विमा कंपनीचा तपासनीस आला. पन्नाशीचा, बारीक, हातात जुनी बॅग. हप्ताही बरोबर आला होता. तपासनीस दारात धापा टाकत उभा राहिला.

"चोपन्न," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"बावन्न. मी मोजल्या."

"फाटकाबाहेरच्या दोन धरल्या नाहीत तुम्ही."

तपासनिसाने बॅगेतून वही काढली आणि लिहून घेतलं. तेव्हापासून बाबांचं त्याच्याबद्दल मत बरं झालं.

त्याने दोन तास प्रश्न विचारले. सोमवारी किती वाजता सुरुवात केली. मध्ये किती वेळा उठलात. याद्या कोणी दिल्या. ती सांगत गेली.

"शेवटी तपासलंत कसं?"

"बेरजा पाहिल्या."

"किती वेळ लागला?"

"चार मिनिटं."

"जोड्या पाहिल्या असत्या तर?"

"पन्नास."

"का नाही पाहिल्या?"

हप्त्याने घसा खाकरला. तिने थोडा विचार केला. "बेरजा जुळल्या म्हणजे झालं असं वाटलं."

"खोलीचं माप जुळलं म्हणजे फरशी सरळ बसली असं नसतं," बाबा म्हणाले.

"मामा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" हप्त्याने विचारलं.

"फरशीच्या."

तपासनिसाने वहीतून मेलचा कागद काढला. "हा लिहायला तुम्हाला कोणी सांगितला?"

"कोणी नाही."

"मी सांगितला," बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षांपूर्वी."

तपासनिसाने पेन खाली ठेवलं. "आजोबा, यातलं पहिलं वाक्य लिहायला नको होतं. दुसरं फार कामाचं आहे. तिसऱ्यासाठी कंपनीने मला इथवर पाठवलं."

"तिसऱ्याशिवाय पहिली दोन म्हणजे नुसती बातमी."

"आमच्या धंद्यात बातमीच पुरते."

"तुमच्यात चूक झाल्यावर गप्प बसायला शिकवतात?"

"मीच शिकवतो," तपासनीस म्हणाला. "वर्षातून दोनदा. जेवण कंपनीकडून असतं."

जाताना त्याने तिला एकच विचारलं. ज्या आठ गाड्या थांबल्या त्यांत काय होतं? तिने यादी काढून दिली. दोन गाड्या मोठ्या दवाखान्याच्या होत्या, ऑपरेशनच्या खोल्यांचे हिरवे कपडे. त्यांच्या जागी तिथे हॉटेलच्या उशांचे अभ्रे जाणार होते. तपासनिसाने ती यादी दोनदा वाचली, घडी घातली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग पायऱ्या उतरला. त्याने या वेळी चोपन्न मोजल्या का, हे कळलं नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीचा निर्णय आला. चार पानं होती. हप्त्याने ती आधी स्वतः वाचली, मग टेबलावर ठेवून साध्या भाषेत सांगितली. तपासनिसाने लिहिलं होतं की मेलमुळे आठ गाड्या थांबल्या. त्या गेल्या असत्या तर मोठ्या दवाखान्याची ऑपरेशनं अडली असती आणि दावा चौपट झाला असता. तीन वाक्यं एकाच कागदावर आहेत. दुसऱ्याचा फायदा कंपनीने घ्यायचा आणि तिसऱ्याची शिक्षा बाईंना द्यायची, असं करता येईल, पण शोभणार नाही. शिवाय गाडी सोडण्याआधी गेटवर दहा गठ्ठ्यांची लेबलं उघडून पाहायची लॉन्ड्रीची स्वतःची पद्धत होती. त्या दिवशी सुपरवायझरने न पाहताच सही केली होती. म्हणून नुकसानीचा तिसरा हिस्सा लॉन्ड्रीने सोसायचा. उरलेलं कंपनी देईल.

"शोभणार नाही, हे कारण कंपनीने मानलं?" तिने विचारलं.

"त्यांनी खटल्याचा खर्चही काढला असेल. तो पत्रात लिहीत नाहीत."

"आणि माझा वाटा?"

"तो तुझाच. पहिला वाटा तुझा, त्यात सूट नाही. आणि पुढच्या वर्षी हप्ता थोडा वाढेल." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "थोडा म्हणजे दीडपट."

ती रक्कम घेऊन ती स्वतः लॉन्ड्रीत गेली. बँकेतून पाठवता आली असती. पण बाबा म्हणाले, शब्द मेलने दिलास, निदान पैसे तरी हाताने दे. शेडमध्ये वाफ होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मालकिणीने धनादेश उजेडात धरून वाचला आणि कप्प्यात टाकला.

"आता बोलशील?"

"बोलते."

"काय बोलायचंय?"

तिला वाटलं होतं की चौदा आठवडे साठलेलं बरंच काही आहे. "चूक माझी होती," ती म्हणाली.

"ते मला सहा बावन्नलाच कळलं," मालकीण म्हणाली. "उद्या बावीस गठ्ठे नवे आहेत. आणि जोड्या तपासायचे पैसे लाव बिलात. पन्नास मिनिटं म्हणतेस? तीस देईन."

"पन्नास लागतात."

"पस्तीस."

पस्तीसवर ठरलं. ती काम पन्नास मिनिटंच करायची.

घरी आल्यावर तिने बाबांसमोर बँकेचं पुस्तक ठेवलं. दोन गुडघ्यांच्या पैशांतून एक गेला होता. उरलेल्यात एक बसत होता, तोही तिच्या चालू महिन्याचे पैसे घातल्यावर. दुसऱ्यासाठी परत पहिल्यापासून सुरुवात.

"मी म्हणत होतो ना, गुडघे माझे आहेत म्हणून," बाबा म्हणाले. "आता मला ठरवू दे कोणता."

"डॉक्टर म्हणाले डावा जास्त खराब आहे."

"डॉक्टरांनी फरशी बसवली नाही कधी. डावा बसायला लागतो, उजवा उठायला. बसायची मला सवय झालीय."

तारीख मिळाली. चार जणांनी खुर्चीत बसवून त्यांना चोपन्न पायऱ्या खाली नेलं, आणि नवव्या दिवशी तसंच वर आणलं. सहा आठवड्यांनी ते काठी घेऊन एकटे उतरले. प्रत्येक पायरीवर उजवा पाय पुढे टाकायचा की डावा, यावर त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशी वाद घातला आणि हरले. फाटकापर्यंत जाऊन परत यायला चाळीस मिनिटं लागली. वर येऊन ते खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले की फाटकाजवळच्या फरशा कोणीतरी घाईत बसवल्यात, दोन पोकळ वाजतात.

दोन वर्षं रोज पावणेपाचला उठून तिने जे मिळवलं, त्यातून शेवटी चार टन कापडाची दुसरी धुलाई झाली आणि बाबांचा उजवा गुडघा आला.